ॲनिमेशनच्या पद्धती आणि मागे फिरण्याची मुभा

मातीची एक बाहुली टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते आणि वाकून चेंडू उचलते, एवढेच दृश्य मला चित्रित करायचे होते. बाहुली तसूभर हलवायची, हात बाजूला घ्यायचा, छायाचित्र टिपायचे आणि पुन्हा तसूभर हलवायची, असे करत मी ८८व्या छायाचित्रापर्यंत पोहोचले होते. बाहुलीची बोटे चेंडूला टेकायला आली होती आणि नेमका त्याच वेळी माझा गुडघा टेबलाच्या पायाला लागला. बाहुली पडली नाही, पण आधीचे छायाचित्र आणि समोरचे दृश्य संगणकाच्या पडद्यावर एकमेकांवर ठेवून पाहिले तेव्हा तिचा खांदा, चेंडू आणि टेबलावरची सावली या तिन्ही गोष्टी आपापल्या दिशेने सरकलेल्या दिसल्या. त्या पुन्हा नेमक्या जागी आणण्यासाठी मी बराच वेळ खटपट केली. एक जागेवर आली की दुसरी हलत होती.

हेच दृश्य काही महिन्यांपूर्वी मी कागदावर काढले होते. तिथेही एक चित्र बिघडले होते, पण मी तो कागद बाजूला केला, आधीचा आणि नंतरचा कागद खाली ठेवून मधले चित्र नव्याने काढले आणि काम पुढे सरकले. या दोन अनुभवांनी माझा ॲनिमेशनच्या प्रकारांकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. कागदावरचे, मातीचे, संगणकावरचे अशी साधनांवरून केलेली वर्गवारी नाव देण्यापुरती ठीक आहे. परंतु एखादी पद्धत आतून कशी चालते हे समजून घ्यायचे असेल, तर या पद्धतीत चूक झाल्यास कुठवर मागे फिरता येते, हा प्रश्न विचारावा. कामाचा क्रम, कामाची वाटणी आणि काम करणाऱ्याला लागणारी एकाग्रता या साऱ्या गोष्टी त्या उत्तरावर अवलंबून असतात.

सर्व पद्धतींचा पाया मात्र एकच आहे. किंचित वेगवेगळी स्थिर चित्रे ठरावीक गतीने एकामागून एक दाखवली, की आपल्याला त्यांत हालचाल दिसते. डोळ्यांत प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून असे घडते, हे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी वाचायला मिळते, पण ते पुरेसे नाही. प्रतिमा नुसत्या रेंगाळल्या असत्या तर एकमेकींत मिसळून त्यांचा गिचमिडा झाला असता. मेंदू दोन स्थितींमधला प्रवास स्वतः जोडून घेतो, आणि या भासमान गतीचा पद्धतशीर अभ्यास माक्स वेर्टहाइमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या बऱ्याच आधी, १८९२ मध्ये, एमील रेनो याने पॅरिसमधील एका संग्रहालयात हाताने रंगवलेल्या चित्रांची लांब पट्टी फिरवून प्रेक्षकांना पडद्यावर हलती चित्रे दाखवली होती. पुढे चित्रपटासाठी सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रे, हे प्रमाण रूढ झाले. ९० मिनिटांच्या चित्रपटात त्या हिशेबाने १,२९,६०० फ्रेम होतात. म्हणूनच एकच चित्र सलग दोन फ्रेमसाठी वापरण्याची, म्हणजे या व्यवसायाच्या भाषेत ‘टूज’वर काम करण्याची रीत पडली, तीत सेकंदाला १२ चित्रे पुरतात आणि सर्वसाधारण हालचालीत डोळ्यांना काही खटकत नाही.

आता अर्ध्या सेकंदात खाली पडणारा चेंडू घेऊ. ‘टूज’वर काढायचा तर वरच्या स्थितीनंतर ६ चित्रे लागतात आणि त्यांच्यामध्ये ६ अंतरे येतात. ही अंतरे समान ठेवली तर चेंडू दोरीने खाली सोडल्यासारखा उतरतो, पडत नाही. मुक्तपणे पडणारी वस्तू समान कालावधीत १, ३, ५, ७, ९, ११ या प्रमाणात अंतर कापते. कागदावर ही उंची १८ सेंटिमीटर असेल, तर पहिले अंतर अवघे अर्धा सेंटिमीटर आणि शेवटचे साडेपाच सेंटिमीटर येते. चित्रे वर दाटीवाटीने आणि खाली विरळ मांडली, की त्या साध्या वर्तुळाला लगेच वजन येते. जमिनीला टेकण्याच्या आधीच्या चित्रात चेंडू थोडा लांबट आणि टेकल्याच्या चित्रात चपटा केला तर तो रबरी वाटतो. मात्र चपटा करताना तो तितकाच रुंद करावा लागतो, नाहीतर त्यातला ऐवज कुठेतरी नाहीसा झाल्यासारखे दिसते. मुळीच चपटा केला नाही आणि उसळीही कमी ठेवली, तर तेच वर्तुळ लोखंडी गोळा होते. चित्र तेच राहते, दोन चित्रांमधील अंतर बदलते, आणि या अंतराला ‘स्पेसिंग’ म्हणतात. माझ्या मते ॲनिमेशनचे निम्मे शिक्षण या एका शब्दात आहे.

हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये हे अंतर आधी ठरवता येते आणि नंतर बदलता येते. ॲनिमेटर प्रथम हालचालीतील मोक्याच्या स्थिती काढतो. त्यांना ‘की’ म्हणतात. बाहुली उभी आहे, वाकली आहे, चेंडू घेऊन सरळ झाली आहे, या तीन ‘की’ झाल्या. मग एका ‘की’पासून दुसरीपर्यंतचा प्रवास कोणत्या वळणाने होईल हे ठरवणारे मधले चित्र, म्हणजे ‘ब्रेकडाउन’, काढले जाते आणि उरलेली जागा ‘इनबिटवीन’ चित्रांनी भरली जाते. कागदाच्या तळाशी छिद्रे पाडलेली असतात आणि ती ‘पेगबार’ नावाच्या पट्टीवरील खुंट्यांत बसतात, त्यामुळे शंभर कागद काढले-घातले तरी प्रत्येक कागद अचूक त्याच जागी येतो. खालून उजेड देणाऱ्या काचेवर काम चालते. चित्र काढता काढता डाव्या हाताच्या बोटांत चार-पाच कागद धरून ते भराभर उलटून पाहण्याची सवय लागते. ती हालचाल डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळू लागते, असे मला मनापासून वाटते.

‘की’ आणि ‘इनबिटवीन’ वेगळे असल्यामुळे ही पद्धत अनेकांमध्ये वाटून घेता येते आणि मोठे स्टुडिओ तिच्यावरच उभे राहिले. संवाद असतील तर ते आधी ध्वनिमुद्रित करतात आणि प्रत्येक वर्ण कोणत्या फ्रेमवर पडतो हे ‘एक्सपोजर शीट’ नावाच्या उभ्या तक्त्यावर लिहून घेतात. ओठांच्या हालचालींबाबत आपली वर्णमाला फार उपयोगी पडते, कारण तिची मांडणीच मुळी उच्चारस्थानांवरून झालेली आहे. प, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आले की ओठ मिटलेच पाहिजेत. हे मिटलेले चित्र गाळले तर बाकी तोंड कितीही सुबक काढले असले तरी आवाज दुसरीकडून आल्यासारखा वाटतो. उलट क आणि ग हे कंठ्य वर्ण ओठांवर जवळजवळ दिसतच नाहीत. प्रत्येक अक्षराला तोंडाचा नवा आकार देण्याच्या मोहात पडले, की पात्र बोलत नसून काहीतरी चावत आहे असे दिसू लागते.

पेन्सिलीच्या टप्प्यावर मागे फिरणे स्वस्त आहे. अर्ल हर्ड याने १९१४ च्या सुमारास पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्र काढून ते स्थिर पार्श्वभूमीवर ठेवण्याची पद्धत मांडली आणि प्रत्येक फ्रेममध्ये घर, झाडे, रस्ता पुन्हा काढण्याचे कष्ट वाचले. परंतु एकदा पात्राची रेषा ‘सेल’च्या दर्शनी बाजूवर शाईने उतरली आणि मागच्या बाजूने रंग भरला गेला, की दुरुस्ती महाग पडू लागे. त्यातच प्रत्येक ‘सेल’ खालचा रंग किंचित मंद करत असल्यामुळे वरच्या आणि खालच्या थरांसाठी एकाच रंगाच्या वेगवेगळ्या छटा तयार कराव्या लागत. म्हणून रंगकामाआधी नुसत्या पेन्सिलीच्या चित्रांचे चित्रण करून हालचाल तपासण्याची ‘पेन्सिल टेस्ट’ आली. आज रेषा आणि रंग बहुतेक ठिकाणी संगणकावरच होतात आणि ‘सेल’ इतिहासजमा झाले आहेत, तरीही ‘पेन्सिल टेस्ट’ कुणी सोडलेली नाही.

दूरचित्रवाणीसाठी दर आठवड्याला नवा भाग द्यावा लागू लागला, तेव्हा या पद्धतीत काटकसर आली. अमेरिकेत हॅना-बार्बेरा यांच्या मालिकांतील प्राण्यांच्या गळ्यात कॉलर किंवा टाय असे, तो केवळ शोभेसाठी नव्हता; धड स्थिर ठेवून फक्त डोके हलवायचे असेल, तर दोन थरांमधला सांधा त्या कॉलरखाली लपत असे. जपानमध्ये ओसामू तेझुका यांनी १९६३ मध्ये सुरू केलेल्या मालिकेत एक चित्र तीन फ्रेम धरून ठेवण्यावर आणि तीच चित्रे पुन्हा वापरण्यावर भर दिला. याला ‘मर्यादित ॲनिमेशन’ म्हणतात आणि पुष्कळदा ते नाव कमीपणाने घेतले जाते, ते मला पटत नाही. चित्रे कमी असतात तेव्हा कोणती स्थिती किती वेळ धरून ठेवायची, हा निर्णय अधिक नेमका घ्यावा लागतो.

रोटोस्कोप ही कागदावरचीच एक उपशाखा. मॅक्स फ्लायशर याने १९१५ मध्ये शोधलेल्या या यंत्रात माणसाचे चित्रण एकेक फ्रेम करून काचेवर पाडत आणि त्यावरून चित्र गिरवत. हालचाल अचूक येते. पण नुसती गिरवलेली आकृती तरंगल्यासारखी वाटते, म्हणून जाणकार ॲनिमेटर तिचा संदर्भापुरता उपयोग करतात आणि वजन व जोर स्वतःच्या हाताने वाढवतात.

कट-आऊट पद्धतीत पात्राचे हात, पाय, डोके वेगवेगळे कापून सांध्यांवर जोडलेले असतात आणि कॅमेऱ्याखाली ते सपाट ठेवून हलवले जातात. लोटे रायनिगर या जर्मन कलावतीने पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कापून तारेने जोडलेल्या छायाकृतींचा पूर्ण लांबीचा चित्रपट १९२६ मध्ये सादर केला. उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत तो सर्वांत जुना आहे. आकृती काळीभोर असल्यामुळे तिथे चेहऱ्यावरील भाव दाखवण्याची सोयच नसते, सगळे काही मनगटाच्या कलातून आणि मानेच्या वळणातून सांगावे लागते.

आता पुन्हा मातीच्या बाहुलीकडे वळते, कारण स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू किंचित हलवत एकेक छायाचित्र टिपत जाणे, ही माझ्या सर्वांत जिव्हाळ्याची पद्धत आहे. बाहुलीच्या आत ‘आर्मेचर’ नावाचा सांगाडा असतो. साध्या बाहुलीसाठी तो पिळलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेचा असतो आणि व्यावसायिक बाहुलीसाठी गोळी आणि खोबण असलेल्या धातूच्या सांध्यांचा. सांधा इतपत घट्ट हवा की हात आडवा धरला तर तो स्वतःच्या वजनाने खाली येता कामा नये, आणि इतपत सैल हवा की तो हलवताना बाकीचे शरीर ओढले जाता कामा नये. चालताना बाहुली एका पायावर उभी राहते, म्हणून टेबलाला छिद्रे पाडून तळपायात खालून स्क्रू बसवतात. कॅमेऱ्याची सर्व स्वयंचलित मापने बंद करावी लागतात, कारण कॅमेऱ्याने प्रत्येक छायाचित्रात उजेडाचा अंदाज नव्याने घेतला तर सलग पाहताना चित्र लुकलुकते. खिडकी तर काळ्या कागदाने पूर्ण झाकलेलीच बरी. सूर्य सरकतो, ढग येतात आणि चार तासांचे काम पडद्यावर काही सेकंदांत दिसते, तेव्हा तो बदलता उजेड ज्योत फडफडावी तसा दिसतो. अंगात फिकट कपडे असतील तर त्यांचा परावर्तित उजेडही सावल्यांत उतरतो.

या पद्धतीत ‘की’ आधी आणि मधल्या स्थिती नंतर, असे करता येत नाही. पहिल्या छायाचित्रापासून शेवटच्यापर्यंत सरळ पुढेच जावे लागते, म्हणून संपूर्ण हालचाल आधी डोक्यात आणि एक्सपोजर शीटवर पक्की असावी लागते. अनुभवी ॲनिमेटरचेही दिवसभरात काही सेकंदांचेच काम होते. संगणकाच्या पडद्यावर आधीची फ्रेम पुसट दिसण्याची सोय, जिला ‘ओनियन स्किन’ म्हणतात, ती नव्हती तेव्हा टोकदार सुई बसवलेला स्टँड बाहुलीच्या नाकाला टेकवून ठेवत, बाहुली हलवत आणि ती सुईच्या टोकापासून किती दूर गेली हे पाहत. स्पर्शाच्या खुणाही राहतात. १९३३ सालच्या ‘किंग काँग’मधील महाकाय वानराची लव सतत थरथरताना दिसते, कारण प्रत्येक फ्रेमला ॲनिमेटरची बोटे तिच्यावरून फिरलेली आहेत. मातीवर बोटांचे ठसे उमटतात, आणि काही स्टुडिओ ते मुद्दाम राहू देतात. मलाही ते हवेसे वाटतात.

चेहऱ्यावरील भावांसाठी मातीच हलवायची की चेहराच बदलायचा, असे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गात तोंडांचे आणि भुवयांचे असंख्य सुटे भाग आधी बनवून ठेवतात आणि प्रत्येक फ्रेमला योग्य तो भाग बसवतात. २००९ च्या ‘कोरलाइन’पासून हे भाग त्रिमितीय छपाईने बनवण्यास वेग आला. उडी मारणारी बाहुली हवेत राहावी म्हणून तिला दांडीचा आधार देतात आणि नंतर संगणकावर तो पुसतात. त्यासाठी बाहुली नसलेल्या मोकळ्या दृश्याचे एक छायाचित्र आधीच घेऊन ठेवावे लागते. घाईत ते राहून गेले तर दांडी पुसल्यावर तिच्या जागी भरायला काहीच नसते.

माझ्या ८८व्या छायाचित्राचे शेवटी असे झाले, की मी मागे फिरण्याचा नाद सोडला. कॅमेरा उचलून चेंडूच्या जवळ नेला, आता फक्त हात आणि चेंडू दिसतील असा कोन घेतला आणि तिथून नवे दृश्य सुरू केले. कोन बदलला की खांदा आधी नेमका कुठे होता, हे प्रेक्षक पडताळून पाहत नाही. ते जवळचे दृश्य आधीच्या आराखड्यात नव्हते, आणि आज पूर्ण चित्रफीत पाहताना तेच मला सर्वांत आवडते.

याहूनही कठोर पद्धती आहेत. अलेक्सांद्र पेत्रोव्ह हा रशियन चित्रकार काचेवर सावकाश वाळणाऱ्या तैलरंगात मुख्यतः बोटांनीच चित्र काढतो, छायाचित्र टिपतो आणि मग तेच चित्र पुसून, ढकलून, बदलून पुढची फ्रेम तयार करतो. आधीचे चित्र आता जगात कुठेच नसते, ते फक्त कॅमेऱ्यात असते. वाळूच्या ॲनिमेशनचेही तसेच, उजळ काचेवर वाळू सारून आकार घडवायचा आणि मोडायचा. अलेक्सेयेफ आणि क्लेअर पार्कर यांनी १९३० च्या दशकात लाखो टाचण्या खोचलेला पडदा वापरला. टाचणी जितकी बाहेर, तितकी तिरप्या उजेडात तिची सावली लांब, आणि त्या सावल्यांतून करड्या रंगाच्या मऊ छटा मिळत. नॉर्मन मॅक्लारेन याने तर कॅमेरा बाजूला ठेवून थेट फिल्मवर चित्रे काढली आणि तिच्या कडेच्या ध्वनिपट्टीवर रेघा काढून आवाजही निर्माण केला.

संगणकावरच्या त्रिमितीय ॲनिमेशनमध्ये मागे फिरण्याला जवळजवळ मर्यादाच नाही, आणि म्हणून तिथल्या अडचणी वेगळ्या आहेत. आधी पात्राचा आकार घडवतात, मग त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवून तो कोणत्या नियंत्रणांनी हलेल हे ठरवतात. या कामाला ‘रिगिंग’ म्हणतात. कोणते हाड हलले की कातडीचा कोणता भाग किती ओढला जाईल, हे ठिकठिकाणी ठरवून द्यावे लागते. खांदा आणि मांडीचा सांधा इथे सर्वांची परीक्षा पाहतात. हवेत हलणारा हात खांद्यापासून एकेक सांधा फिरवून हलवणे सोयीचे, तर जमिनीवर टेकलेल्या पायासाठी पाऊल जागेवर खिळवून गुडघ्याची स्थिती संगणकाकडून काढून घेणे बरे. ॲनिमेटर ‘की’ स्थिती देतो आणि मधल्या फ्रेम संगणक भरतो. ऐकायला हे सोपे वाटते, पण संगणकाला वजन ठाऊक नसते. तो दोन स्थितींच्या मध्ये एक गुळगुळीत वक्र आखतो आणि पात्र पाण्याखाली असल्यासारखे हलू लागते. मग ‘ग्राफ एडिटर’मध्ये त्या वक्राचा चढ-उतार एकेक करून बदलावा लागतो. पडणाऱ्या चेंडूचा वक्र जमिनीजवळ तीव्र आणि टोकदार हवा, वर गोलाकार हवा. म्हणजे कागदावरची दाट-विरळ मांडणीच इथे वेगळ्या रूपात समोर येते.

सगळे काही बदलता येत असले, तरी एका टप्प्याचा बदल पुढचे सर्व टप्पे हलवतो. सांगाड्यात फेरफार केला तर त्यावर झालेली शंभर दृश्ये पुन्हा तपासावी लागतात, म्हणून आकार, सांगाडा, हालचाल, प्रकाशयोजना अशा क्रमाने टप्पे मंजूर करून बंद केले जातात. केस, कापड आणि पाणी यांची हालचाल तर संगणक गणिताने काढतो, आणि त्यात प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर अवलंबून असते. तिसाव्या फ्रेमला काही बदलले की तिथून पुढचे सगळे पुन्हा मोजावे लागते. स्टॉप मोशनची सरळ पुढे जाण्याची शिस्त इथे अनपेक्षितपणे परत येते. शेवटी ‘रेंडर’, म्हणजे उजेड, सावली, पृष्ठभाग यांचा हिशेब करून प्रत्यक्ष चित्र तयार करणे, यात एकेका फ्रेमला तासन्‌तास लागू शकतात. १९९५ चा ‘टॉय स्टोरी’ हा पूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होता. मोशन कॅप्चरमध्ये अभिनेत्याच्या शरीरावरील खुणांवरून हालचाल टिपतात. पण घसरणारी पावले आणि हरवलेल्या खुणा निस्तरायला तिथेही ॲनिमेटर लागतो. ही रोटोस्कोपची धाकटी बहीणच आहे.

मधल्या फ्रेम फुकट मिळत असूनही त्या मुद्दाम नाकारण्याचे धाडस मला २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये दिसले. त्यातील तरुण नायक अजून शिकत असताना, एका प्रसंगात त्याची हालचाल ‘टूज’वर ठेवली आहे आणि सोबतच्या अनुभवी माणसाची दर फ्रेमला नवी. दोघे एकाच झाडीतून झोके घेत जातात, आणि कारण न कळताही आपल्याला जाणवते, की यातल्या एकाला अजून लय सापडलेली नाही.

ज्यांना हे स्वतः करून पाहायचे असेल, त्यांनी पडणाऱ्या चेंडूची ती १८ सेंटिमीटरची पट्टी तीन पद्धतींनी करावी. कागदावर पहिले आणि शेवटचे चित्र आधी काढून मधली जागा भरावी. मातीत, मागच्या बाजूने सुईवर टोचलेली गोळी वरून खाली, एकदाही मागे न फिरता आणावी. संगणकावर फक्त दोन ‘की’ द्याव्यात आणि वक्र हाताने वाकवावा. तिन्ही चित्रफिती शेजारी शेजारी चालवल्या की मातीची गोळी बहुधा तिसऱ्या-चौथ्या अंतरावर किंचित अडखळताना दिसेल; तिथेच बोट जरा जास्त दाबले गेलेले असते.